अकस्मात वाढलेले वजन : मेद म्हणण्यापूर्वी

वजन वाढल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णास मेदोहर गुग्गुळ, त्रिफळा आणि पहाटे फिरण्याचा सल्ला देऊन मोकळे होण्याची पद्धत आपल्या व्यवसायात रूढ झाली आहे. वर्षानुवर्षे हळूहळू वाढलेल्या स्थौल्यात ती काही अंशी चालूनही जाते. परंतु आहारात वा श्रमांत काहीही फरक नसताना ज्याचे वजन दोन-चार आठवड्यांत पाच-सात किलोंनी वाढले, त्याला हाच सल्ला देणे म्हणजे निदानावाचून चिकित्सा करणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

साधा हिशेब करून पाहू. एक किलो मेद अंगी साठण्यासाठी गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी अधिक पोटात जाव्या लागतात. दहा दिवसांत पाच किलो मेद वाढायचा तर रोज ३,८५० कॅलरी अधिक हव्यात. आमच्या एकोडी-साकोली परिसरात रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात दिवसभर वाकून राबणाऱ्या बाईने आपल्या जेवणाखेरीज आणखी दोन माणसांचे जेवण रोज जेवले, तरच हे घडेल! उलट एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, आणि ते शरीरात अडून राहण्यास दोन दिवसही पुरतात. म्हणून झपाट्याने वाढलेले वजन हे प्रथम पाणी समजावे. मेद हा विचार नंतरचा. चरकाचार्यांनी स्थौल्याचे वर्णन सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात, अष्टौनिन्दितीयात केले. शोथासाठी मात्र त्याच स्थानातील अठरावा अध्याय आणि चिकित्सास्थानातील बारावा अध्याय स्वतंत्रपणे दिला. ही विभागणी आपण परीक्षेपुरती पाठ करतो आणि दवाखान्यात विसरतो.

पायाच्या नळीवर अंगठा काही क्षण दाबून धरणे, ही परीक्षा फुकट आहे. दाबल्यावर लगेच वर येणारा, दिवसा वाढणारा शोथ वातज. खळगा तसाच राहणारा आणि रात्री बळावणारा कफज, हे आपणांस ठाऊक आहेच. मात्र अंगठ्याला खळगा लागेपर्यंत शरीरात दोन-तीन लिटर पाणी साठून गेलेले असते. त्याआधी ते कळते वजनकाट्यावर. आमच्या भागात गावोगाव धानाचा काटा सापडतो आणि पोत्यामागे पाव किलोचा फरक पडला तर शेतकरी भांडण उभे करतो. माणसाचा काटा मात्र कित्येक दवाखान्यांतही नसतो. प्रत्येक भेटीत, एकाच काट्यावर, केसपेपरवर वजन लिहिले गेले, तर ‘अकस्मात’ या शब्दाला काही अर्थ येईल. नाहीतर रुग्णाची चोळी घट्ट झाली, एवढाच पुरावा उरतो.

काही रुग्णांच्या बाबतीत पुनर्नवा देऊन आठ दिवस वाट पाहण्यास मुळीच वाव नाही. आडवे होताच दम लागणारा, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलेला हृद्रोगी. सकाळी डोळ्यांभोवती सूज आणि लघवीला फेस येणारे मूल. हातपाय वाळत असताना पोट वाढत चाललेला मद्यपी, किंवा केवळ पोटच वाढलेली प्रौढ स्त्री, जिच्या बीजकोशात गाठ असू शकते. आणि विसाव्या आठवड्यानंतर एकाएकी सुजलेली गर्भिणी, जिचा रक्तदाब १४०/९० वा त्याहून अधिक आहे. यांना त्याच दिवशी रुग्णालयाचा रस्ता दाखवावा. पूर्व विदर्भात हत्तीरोग जुना असल्याने पायाच्या सुजेवर तेच नाव पटकन चिकटते. पण तो बहुधा एका पायाला अधिक असतो. दोन्ही पाय सारखे सुजले असतील, तर हृदय, यकृत व वृक्क पाहिल्यावाचून तो शिक्का मारू नये. थायरॉइडची तपासणी जरूर करावी; मात्र त्या ग्रंथीच्या मांद्याने वाढणारे वजन सहसा थोड्याच किलोंचे असते. वीस किलोंचे ओझे तिच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो, त्याकडे वळतो. मराठीत ‘तब्येत झाली’ म्हणजे माणूस अंगाने भरला. आयुष्यभर काटक राहिलेल्या शेतमजुराचा चेहरा दोन महिन्यांत गोल, तुकतुकीत झाला की घरचे समाधान पावतात, शेजारी औषध कोणाचे म्हणून विचारतात. हे औषध बहुतेकदा गुडघेदुखीसाठी वा दम्यासाठी आणलेली बिननावाची पुडी असते, किंवा दुकानातून सुटी मिळालेली पांढरी बारीक गोळी. तिच्यात डेक्सामेथासोन, बीटामेथासोन अथवा प्रेडनिसोलोन असते. अशा रुग्णाची ठेवण नीट न्याहाळावी. चरकोक्त अतिस्थूलाचे नितंब, उदर व स्तन लोंबतात. येथे चेहरा आणि पोट भरते, मानेमागे मेदाचा उंचवटा येतो, हातपाय मात्र बारीक होतात. पोटावर जांभळट रेघा उमटतात, साध्या धक्क्याने त्वचेखाली रक्त साकळते, आणि उकिडवा बसलेला माणूस हाताचा टेकू घेतल्यावाचून उठू शकत नाही. रक्तशर्करा व रक्तदाब तपासल्यास उरलेली शंकाही बहुधा फिटते.

स्टेरॉइड हे मुळात वाईट औषध आहे, असे आमचे म्हणणे नाही. संधिवातावरील कॉर्टिसोनचा उपयोग १९४८ मध्ये प्रथम दिसला आणि त्या संशोधनास १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते उगाच नव्हे. २०२१ च्या दुसऱ्या कोरोना लाटेत या औषधाने प्राण वाचवले. आणि त्याच लाटेत अनियंत्रित शर्करा व स्टेरॉइडचा अविवेकी वापर यांतून म्युकरमायकोसिसने किती डोळे नेले, हेही महाराष्ट्राने पाहिले. आमचा आक्षेप आहे तो ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून दिलेल्या चूर्णात ते लपवण्याला. हा प्रकार आपल्याकडेच चालतो असेही नाही. सांधेदुखीसाठी ‘आर्ट्री किंग’ या नावाने पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत डेक्सामेथासोन आणि डायक्लोफेनॅक सापडल्याचा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये दिला होता. पण तेथे बदनाम झाली एक गोळी. येथे बदनाम होते ते संपूर्ण शास्त्र. ज्याला तीन दिवसांत गुण देणारी पुडी मिळाली, त्याला महायोगराज गुग्गुळ तीन महिने घेण्यास आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

आपल्या द्रव्यांविषयीही डोळे उघडे ठेवले पाहिजेत. अम्लपित्तासाठी महिनोन्महिने मोठ्या मात्रेत दिलेले ज्येष्ठमध शरीरात मीठ व पाणी धरून ठेवते, रक्तदाब वाढवते आणि पोटॅशियम घटवते. पायोग्लिटाझोन, इन्सुलिन, ओलान्झापिन, व्हॅल्प्रोएट यांनी वजन वाढते आणि अॅम्लोडिपिनने पाय सुजतात, हेही लक्षात असावे. ‘काही औषध चालू आहे का?’ या प्रश्नाला रुग्ण ‘नाही’ म्हणतो, कारण पुडीला तो औषध मानीत नाही. ‘घरात जे काही घेता ते सगळे पिशवीत घालून आणा’ असे सांगावे.

पिशवीतून स्टेरॉइड निघाले की ते तत्काळ बंद करावयास सांगण्याचा मोह होतो, आणि येथेच जीव जाण्याचा धोका असतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ ते घेतलेल्या शरीराची अधिवृक्क ग्रंथी झोपी गेलेली असते. गोळी एकाएकी थांबली की उलट्या, ग्लानी, रक्तदाब कोसळणे, आणि पुढे तापाचे वा शस्त्रक्रियेचे साधे निमित्तही मृत्यूस पुरते. सवयीच्या अहिताचा त्याग पादांशाने करावा, हे सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातील तत्त्व येथे तंतोतंत लागू पडते. मात्र गोळीचा पादांश किती व किती दिवसांनी, हे फिजिशियनने ठरवावे. त्या काळात मीठ कमी, दही, पिष्टान्न व नवान्न वर्ज्य, ही शोथातील पथ्ये आपण सांभाळावीत. नव्या तांदळाच्या भातावर जीव असलेल्या भंडारा जिल्ह्यात नवान्न सोडवणे हेही काही सोपे काम नव्हे.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. ही औषधे अनुसूची ‘एच’ मधील आहेत. चिठ्ठीवाचून ती देता येत नाहीत, हे आपण आमच्याहून अधिक जाणता. तरीही एखादा वृद्ध रिकामी पट्टी दाखवून ‘हीच द्या’ म्हणाला, तर त्याला नुसते हात हलवीत परत पाठवू नये. किती महिने घेतो आहे एवढे विचारावे, त्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहावे आणि ‘ही गोळी एकदम सोडू नका, आजच डॉक्टरांकडे जा’ असे सांगून पट्टीचे नाव कागदावर लिहून त्याच्या हाती द्यावे. बिननावाच्या पुड्या दुकानात ठेवावयास कोणी घेऊन आला, तर त्या परत न करता औषध निरीक्षकांस कळवावे. परत केलेली पुडी पुढच्या गावातल्या दुकानात जाते.