गोडाचें ऋण

सण म्हटला म्हणजे गोड पदार्थ आलाच. दिवाळीला करंज्या, संक्रांतीला तिळगूळ, ईदेला शिरखुर्मा. आणि नाताळ जवळ आला कीं ख्रिस्ती घरांतून तळणाभाजणाचा घमघमाट सुटूं लागतो. पाश्चात्य देशांत, विशेषतः अमेरिकेंत, हा घमघमाट सुंठ, दालचिनी, लवंग व काळसर काकवी यांचा असतो. त्यांचीं खुसखुशीत बिस्किटें भाजून डब्यांत भरणें व शेजारीपाजारीं वांटणें हा तेथील घरोघरचा नाताळचा उद्योग होय. आतां आपल्याकडेही पुष्कळ स्वयंपाकघरांत ओव्हन आला आहे, आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं हीं बिस्किटें होऊं लागलीं आहेत. सुटी तोंडावर आली असतां त्यांविषयीं दोन शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. परंतु आमचें म्हणणें असें आहे कीं, हीं बिस्किटें अवश्य करावीं, घरींच करावीं. मात्र त्यांतील गोडी कोणाच्या श्रमाची आहे हें विचारल्यावांचून करूं नयेत.

प्रथम कृति सांगतों, म्हणजे पुढील विचार वाचकांस रिकाम्या पोटीं वाचावे लागणार नाहींत. अडीच वाट्या मैदा घ्यावा. त्यांत दोन चहाचे चमचे सुंठीची पूड, एक चमचा दालचिनीची पूड, पाव चमचा लवंगांची पूड, अर्धा चमचा खाण्याचा सोडा व चिमूटभर मीठ मिसळून तो चाळावा. पाऊण वाटी लोणी व अर्धी वाटी साखर एकत्र फेंसावी व तींत अर्धी वाटी काकवी घालावी. मग मैदा मिसळून गोळा करावा आणि तो झांकून रात्रभर थंड जागीं ठेवावा. असें केल्यानें मसाला मुरतो व गोळा लाटतांना चिकटत नाहीं. दुसऱ्या दिवशीं पोळी लाटून वाटीनें किंवा सांच्यानें चकत्या पाडाव्या व १८० अंश सेल्सिअस उष्णतेवर आठ ते दहा मिनिटें भाजाव्या. बाहेर काढतांना बिस्किटें मऊ असतात व थंड होतांना कडक होतात. नवशिक्यास तीं कच्चींच राहिलीं असें वाटतें, तो तीं पुन्हां आंत घालतो आणि करपवितो. एवढें सांभाळलें म्हणजे दहा वर्षांच्या मुलासही वडील माणसाच्या देखरेखीखालीं हें काम साधेल. येथें ‘मुलास’ हा शब्द आम्हीं जाणून वापरला आहे. स्वयंपाकघर हें केवळ मुलींचें शिक्षणस्थान नव्हे.

अमेरिकेंत या बिस्किटांत जी काळी, दाट पाकासारखी वस्तु घालतात तिला मोलॅसिस म्हणतात. उसाचा रस आटवून साखरेचे कण वेगळे काढले म्हणजे जें उरतें तें मोलॅसिस. आपली काकवी त्याची बहीणच. मात्र ती रस आटवून, गूळ होण्यापूर्वींच उतरविलेली असते, त्यामुळें तिच्यांतील साखर तिच्यांतच राहते व ती अधिक गोड लागते. साखर कारखान्यांतून निघणारी मळी ही खाण्याची वस्तु नव्हे. ती बहुतेक मद्यार्काकडे जाते. म्हणून आमच्या कृतींत काकवीच सांगितली आहे.

या बिस्किटांचें एक प्रसिद्ध घराणें आहे. बोहेमिया देशांत यान हुस नांवाचा धर्मसुधारक होऊन गेला. १४१५ सालीं त्यास जिवंत जाळण्यांत आलें. त्याच्या परंपरेंतील कांहीं कुटुंबें छळाला कंटाळून मोरेव्हियांतून निघालीं, आणि १७२२ सालीं सॅक्सनीमध्यें काउंट झिंझेनडॉर्फ याच्या जमिनीवर त्यांनीं हेर्नहुट हें गांव वसविलें. हेच मोरेव्हियन बंधु होत. त्यांतील कांहीं पुढें अमेरिकेंत गेले. १७४१ सालच्या नाताळच्या आदल्या रात्रीं पेनसिल्व्हेनियांतील त्यांच्या नव्या वसाहतीस बेथलेहेम हें नांव मिळालें, आणि १७६६ सालीं त्यांनीं नॉर्थ कॅरोलायनांत सेलम गांव वसविण्यास आरंभ केला. जर्मनींत असे मसालेदार पदार्थ बहुधा मधानें गोड करीत. अमेरिकेंत मोलॅसिस स्वस्त व मुबलक मिळे, म्हणून त्यानें मधाची जागा घेतली. सेलम, म्हणजे हल्लींचें विन्स्टन-सेलम, येथील मोरेव्हियन बिस्किटें कागदासारखीं पातळ लाटण्याबद्दल आजही नांवाजलेलीं आहेत.

मोलॅसिस स्वस्त कां होतें, हा प्रश्न येथें विचारला पाहिजे. वेस्ट इंडीज बेटांवरील उसाच्या मळ्यांत आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम राबत होते. तोडलेला ऊंस फार वेळ टिकत नाहीं. म्हणून हंगामांत चरक व भट्ट्या रात्रंदिवस चालत. झोपेच्या गुंगींत कोणाचा हात चरकांत सांपडला तर तो तोडावा लागे. साखर युरोपांत जाई आणि मोलॅसिसचीं पिंपें न्यू इंग्लंडकडे रवाना होत. तेथें त्याची रम गाळीत, आणि ती रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर देऊन आणखी माणसें विकत घेत. सुंठेची कथाही निराळी नाहीं. आलें मूळचें आशियांतलें. मलबारच्या किनाऱ्यावरून सुंठ कित्येक शतकें युरोपांत जात होती. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं आल्याची लागवड वेस्ट इंडीजमध्यें नेली, आणि पुढें जमेकाची सुंठही गुलामांच्याच हातून बाजारांत येऊं लागली. अशा रीतीनें त्या काळच्या बिस्किटाची गोडी आणि तिखटपणा, दोन्ही, बेड्यांतील हातांनीं पुरविलेलीं होतीं.

आतां जें सांगावयाचें तें सांगतांना आम्हांस संकोच वाटतो. परंतु सत्य सांगण्यास मिशनच्या शाळेच्या वार्षिकाहून योग्य जागा कोणती? १७३२ सालीं लेओनार्ड डोबर हा कुंभार व डेव्हिड नित्शमान हा सुतार, असे दोघे मोरेव्हियन बंधु या गुलामांस सुवार्ता सांगण्यासाठीं डॅनिश अंमलाखालील सेंट टॉमस बेटावर गेले. ज्यांस कोणी माणसांत गणीत नव्हतें त्यांस बंधु म्हणण्यासाठीं हे लोक समुद्र ओलांडून गेले, ही गोष्ट थोर आहे. परंतु थोड्याच वर्षांत त्या बेटावरील मिशननें स्वतःच गुलामांसह मळा विकत घेतला. इकडे सेलममध्यें मंडळीनेंही गुलाम बाळगले. १८२२ सालीं तेथील काळ्या बंधुभगिनींची उपासना-मंडळी निराळी करण्यांत आली. १८६१ सालीं त्यांच्यासाठीं विटांचें मंदिर उभें राहिलें, आणि त्याच मंदिरांत २१ मे १८६५ रोजीं उत्तरेकडील सैन्याच्या एका धर्मोपदेशकानें त्यांच्या मुक्ततेचा हुकूम वाचून दाखविला. २००६ सालीं मोरेव्हियन मंडळीच्या दक्षिण प्रांतानें या दोषाबद्दल जाहीर क्षमा मागितली. त्या हुकुमानंतर क्षमायाचनेस एकशें एकेचाळीस वर्षें लागलीं.

हें लिहिण्यांत कोणा मंडळीस कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. उलट, आपल्या वाडवडिलांचा दोष कबूल करण्याचें धैर्य किती समाजांनीं दाखविलें आहे? आम्हांस यांतून घ्यावयाचा धडा निराळा आहे. अन्याय केवळ दुष्टांच्याच हातून होतो असें नाहीं. प्रार्थना करणारा, गोरगरिबांस खाऊ वांटणारा, नाताळच्या रात्रीं मेणबत्ती लावून भक्तीनें गाणारा भला माणूसही, आपल्या ताटांतलें कोठून आलें हें न विचारल्यामुळें अन्यायाचा भागीदार होतो. त्याचें हृदय कठोर नसतें. त्यानें फक्त विचारलेलें नसतें.

यावर कोणी म्हणेल, ‘एका घरानें विचारून काय होणार?’ यास इतिहास उत्तर देतो. १७९१ सालीं विल्यम फॉक्स याच्या एका पत्रकामुळें इंग्लंडांत गुलामांनीं पिकविलेली साखर सोडण्याची चळवळ पसरली, आणि हजारों कुटुंबांनीं ती घरांत आणणें बंद केलें. कित्येकांनीं तिच्याऐवजीं आपल्या हिंदुस्थानांतून जाणारी साखर घेतली. ही साखर गुलामांनीं केलेली नाहीं, असें त्यांच्या साखरेच्या भांड्यांवर लिहिलेलें असे. पुढें १८२४ च्या सुमारास लेस्टर गांवीं एलिझाबेथ हेरिक या बाई घरोघर जाऊन साखर सोडण्याविषयीं विनवीत. त्या काळीं इंग्लंडांत स्त्रियांस मताचा अधिकार नव्हता, आणि मुलांस तर तो आजही नाहीं. परंतु घरांत काय यावें व काय येऊं नये, याविषयीं बोलण्याचा अधिकार त्यांस होता, व तो त्यांनीं बजाविला. साखर सोडल्यानेंच गुलामगिरी मोडली असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल; गुलामांनीं स्वतः केलेलीं बंडें व पार्लमेंटांतील दीर्घ झगडा हींही तिच्या मुळाशीं आहेत. तथापि १८०७ सालीं गुलामांचा व्यापार व १८३३ च्या कायद्यानें ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी बंद झाली, त्यांत या स्वयंपाकघरांचाही वांटा आहे.

आतां दुसऱ्यांचे दोष पुरे. आपल्या घराकडे वळूं. आपल्या बिस्किटांतील साखर कारखान्यांत होते व काकवी गुऱ्हाळांत. परंतु दोहोंच्या आधीं उसावर कोयता पडावा लागतो. महाराष्ट्रांत कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, आणि बीड व मराठवाड्याच्या इतर कोरडवाहू भागांतून हजारों कुटुंबें ऊंसतोडीसाठीं घर सोडून निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत सुटका नाहीं. एक दिवस आजारी पडलें तर खाडा धरला जातो. पहांटे अंधारांत फडावर जावयाचें, मोळ्या बांधून डोक्यावरून वाहनापर्यंत न्यावयाच्या, आणि रात्रीं पाचटाच्या कोपींत निजावयाचें. या कामांतील स्त्रियांच्या आरोग्याची दुःखद हकीकत २०१९ सालीं राज्याच्या विधिमंडळापर्यंत पोंचली होती. हे लोक गुलाम नव्हेत. कायद्यानें ते आपल्याइतकेच स्वतंत्र आहेत, आणि दोहोंस एकच नांव देणें सत्यास सोडून होईल. परंतु आपण नाताळांत डबे भरीत असतां तोड ऐन भरांत असते, आणि तुमच्याच वयाचीं कित्येक मुलें शाळा सोडून फडावर धाकट्या भावंडांस सांभाळीत बसलेलीं असतात, ही गोष्ट आपणांस ठाऊक असलीच पाहिजे.

मग काय, बिस्किटें करूं नयेत? साखर टाकून द्यावी? आमचें तसें म्हणणें नाहीं. इंग्लंडांतील त्या कुटुंबांनीं साखर सोडली, तें योग्यच केलें. कारण गुलामास तिच्या विक्रींतून कांहींच मिळत नव्हतें. ऊंसतोड करणाऱ्यास मजुरी मिळते. आपण गोड सोडलें तर प्रथम त्याचीच चूल विझेल. येथें उपाय सोडण्याचा नसून ओळखण्याचा व फेडण्याचा आहे. विद्यार्थिमित्रहो, ज्यांच्या गांवाजवळ तोडणीच्या कोप्या पडल्या असतील त्यांनीं सुटींत वडील माणसांबरोबर तेथें जावें. भाजलेल्या बिस्किटांचा पहिला डबा तेथें द्यावा. उरलीं सुरलीं म्हणून नव्हे, तर पहिला. परंतु तेवढ्यावर समाधान मानूं नये, कारण डबा एका दिवसांत संपतो. तेथें शाळेबाहेर राहिलेलीं मुलें दिसलीं तर तसें आपल्या शिक्षकांस सांगावें. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणें सहा ते चौदा वर्षांच्या मुलानें वर्षाच्या मध्यावर प्रवेश मागितला तरी तो नाकारतां येत नाहीं. हा कायदा पुष्कळ आईबापांस ठाऊक नसतो. तुम्हांस आतां ठाऊक झाला आहे, आणि ठाऊक असणाऱ्यावर सांगण्याची जबाबदारी येते.

पालकवर्गासही आमची एक विनंति आहे. ऊंसतोडीची मजुरी वाढवावी अशी मागणी वर्तमानपत्रांत येते, तेव्हां ‘म्हणजे साखर महागणार’ एवढाच उद्गार आपल्या तोंडून मुलांच्या कानीं पडूं नये. त्या महागाईचे कांहीं पैसे खरोखरच कोप्यांपर्यंत पोंचणार असतील तर ते देणें हें आपलें कर्तव्य आहे. मुलें आपले निबंध विसरतात. परंतु आईबापांनीं जेवतांना सहज काढलेले उद्गार तीं जन्मभर विसरत नाहींत.

आमच्या शाळेंत जेवणापूर्वीं अन्नाबद्दल देवाचे आभार मानण्याची चाल आहे. तें योग्यच आहे. परंतु देवानें तें अन्न आकाशांतून टाकलेलें नसतें; कोणाच्या तरी हातांनीं तें आपणांकडे पाठविलेलें असतें. यंदाच्या नाताळांत बिस्किटांची पहिली ताटली मेजावर येईल तेव्हां त्या प्रार्थनेस एक वाक्य जोडावें. ज्यांनीं आलें खणलें, ऊंस तोडला, रस आटविला, त्यांचेंही स्मरण करावें; आणि ताटली पुढें सरकविण्यापूर्वीं घरांत कोणी तरी विचारावें, ‘यंदा पहिला डबा कोणीकडे न्यावयाचा?’