घास मोजण्याआधी मैदान द्या

इफ्तारच्या दस्तरखानावरची भजी असोत की दिवाळीच्या फराळातल्या चकल्या, मुलाचे वजन वाढले की बोट ताटाकडेच जाते. ताट सांभाळायलाच हवे. पण सण सरतो, बसून राहणे मात्र वर्षभर चालते. ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे दम लागेल असे खेळावे-धावावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळेला रिक्षा, मग शिकवणी, मग मोबाइल. हा तास बसवायचा कुठे? त्यात अनेक शाळांची मैदाने संध्याकाळी कुलपात. शाळांनी आणि नगरपालिकेने ती सर्व मुलामुलींसाठी खुली करावीत. ‘जाड्या’ म्हणून हिणवलेले मूल खेळापासून आणखी दूर जाते. त्याला आधी धावायला जागा द्या, मग घास मोजा.