खासगी आणि दौलत

इंदूरच्या राजवाड्यापुढे अहिल्याबाई होळकरांचा पुतळा आहे. शेजारच्या सराफ्यातून आणि कापडबाजारातून लग्नाची खरेदी करून निघालेल्या मराठी गृहस्थास तेथे थांबवून खर्चाचा अंदाज विचारावा, तर एक ठरीव उत्तर मिळते: आम्ही होळकरांच्या गावचे, हात आखडणे आम्हांस शोभत नाही. हे उत्तर आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा समाचार घेणे आता प्राप्तच आहे. ज्या औदार्याचा दाखला हे गृहस्थ देतात, ते कोणत्या पेटीतून निघाले ह्याची चौकशी त्यांनी कधी केलेली दिसत नाही.

होळकरांच्या राज्यात जमाखर्चाची दोन खाती होती, दौलत आणि खासगी. फौज आणि कारभार दौलतीवर चाले. खासगीची जहागीर बाजीराव पेशव्यांनी १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई ह्यांस स्वतंत्र लावून दिली. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. काशीविश्वनाथाचे १७८० चे मंदिर, ठिकठिकाणचे घाट, धर्मशाळा हा सारा दानधर्म ह्या खासगीचा. म्हणजे जे औदार्य भारतभर गाजले ते नेमून दिलेल्या उत्पन्नातून, नेमलेल्या कामासाठी झालेले होते. त्याला उधळपट्टीची साक्ष काढणे हा बाईंच्या नावाचा निव्वळ दुरुपयोग होय.

आमच्या गोमंतकीय वाचकांस ह्यात नवल वाटू नये. गांवकारीच्या उत्पन्नातून आधी सरकारदेणे व गावाचा सामायिक खर्च वजा होत असे, आणि उरेल तेच गांवकारांत वाटले जाई. उरण्यापूर्वीच वाटून टाकण्याचा शोध आमच्या काळाचा!

त्या शोधाची किंमत एकदा मांडून पाहू. मुलीच्या लग्नासाठी ३ लाखांचे कर्ज शेकडा १४ व्याजाने ५ वर्षांकरिता काढले, तर दरमहा सुमारे ६,९८० रुपयांचा हप्ता बसतो, आणि एकंदर फेड ४ लाख १८ हजारांच्या वर जाते. लग्नाची तिथी उद्या कळते हे खरे, पण मुलगी उपवर होणार हे काही एका रात्रीत कळत नाही. तिच्या नावाने आधीची ५ वर्षे दरमहा ५,००० रुपये वेगळे काढले असते, तर तेच ३ लाख व्याजाचा एक पैसाही न देता हाती आले असते. जो गृहस्थ ६,९८० चा हप्ता सावकाराच्या धाकाने बिनचूक भरतो, त्याला स्वतःच्या शब्दाखातर ५,००० बाजूला ठेवणे अशक्य होते, हे आम्हांस पटत नाही.

ज्याच्या मिळकतीत धान्य आणि घरभाडेच भागत नाही, त्यास अंदाजपत्रकाचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा आहे. त्याच्याशी आमचा वाद नाही. वाद आहे तो महिन्याच्या १० तारखेस खिसा रिकामा करून हिशेबास कद्रूपणा म्हणणाऱ्या सुस्थित मंडळींशी.

आणि ह्याच मंडळींच्या घरात खासगी अजून चालू आहे. डाळीच्या डब्यात, साडीच्या घडीत गृहिणी शाळेच्या शुल्काचे, आजारपणाचे, सणाचे पैसे निरनिराळे ठेवते. यजमान त्या डब्यांची थट्टा करतात. महिनाअखेर हात मात्र तिकडेच जातो, आणि घेतलेली रक्कम परत ठेवल्याची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही.