आधी गळती शोधा, मग हेड उतरवा

पावसाळा लागला की ‘ऑइलमध्ये पाणी आलंय’ अशी पत्रं वाढतात. या आठवड्यातलं एक पत्र वाचून मात्र मला संताप आला. पुण्यातल्या वाचकाची डिझेल हॅचबॅक आहे. डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखं तेल दिसलं. गॅरेजने बघताक्षणी ‘हेड गॅस्केट गेलं’ असं सांगितलं, हेड उतरवलं, फेसिंग करून आणलं, नवं गॅस्केट टाकलं, ऑइल बदललं. पंधरवडाही गेला नाही आणि डिपस्टिक पुन्हा तशीच. आता तेच गॅरेज म्हणतंय की ब्लॉकला चीर असणार, इंजिनचं काम निघालंय.

पत्रासोबत कूलंटच्या बाटलीचा फोटो होता. झाकणाखाली काळपट, चिकट तेलाचा जाड थर. गाडी एकदाही गरम झालेली नव्हती, सकाळी सुरू करताना पांढरा धूर नव्हता, बाटलीत बुडबुडे नव्हते. मी त्यांना एवढंच कळवलं की हेडला पुन्हा हात लावू देऊ नका, ऑइल कूलर काढून तपासायला सांगा. दुसऱ्या गॅरेजात कूलर काढला, त्याची तोंडं बंद करून हवा भरली आणि पाण्यात बुडवला. बुडबुड्यांची धार लागली. म्हणजे हेड विनाकारण उतरलं होतं.

बाटलीतलं ते तेल पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. ते काय सांगत होतं, हे समजायला फक्त दाब लक्षात घ्यावा लागतो. ऑइल कूलरमध्ये पातळ पत्र्याच्या एका बाजूने तेल वाहतं, दुसऱ्या बाजूने कूलंट. गाडी रस्त्यावर असताना तेलाचा दाब साधारण तीन-चार बार, कूलंटचा एक-दीड बार. पत्र्याला भोक पडलं की तेल कूलंटमध्ये घुसतं. इंजिन बंद केलं की तेलाचा दाब शून्यावर येतो, पण गरम कूलंट अजून दाबाखाली असतं. मग उलटा प्रवास सुरू होतो आणि कूलंट तेलात उतरतं. हेड गॅस्केट सिलिंडरपाशी फुटलं तर गोष्ट वेगळी. तिथे जळत्या वायूचा दाब कित्येक पटींनी जास्त असतो, तो कूलंटमध्ये शिरतो. थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज टणक लागतो, बाटलीत बुडबुडे येतात, कूलंट बाहेर फेकलं जातं. गॅस्केट दुसऱ्या जागीही फुटू शकतं, तेलाच्या आणि पाण्याच्या वाटांच्या मध्ये. तेव्हा यातलं एकही लक्षण दिसत नाही. म्हणून बाटलीत तेल दिसलं की कूलरच गेला, असंही कुणी छातीठोक म्हणू नये. पण तपासणी कुठून सुरू करायची, ते या लक्षणांवरून ठरतं.

हे काम नीट कसं होतं ते पाहायचं असेल तर ऊसपट्ट्यात जा. गळीत हंगामात शिरोळ-वाळव्याच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिवसरात्र राबतात. एखाद्याच्या ऑइलमध्ये पाणी आलं तर मालकाचा प्रत्येक दिवस बुडतो, तोड झालेला ऊस शेतात वाळतो आणि वजन घटतं. घाई शहरातल्या गाडीवाल्यापेक्षा कितीतरी जास्त. तरीही तिथला चांगला फिटर आधी हेडच्या बोल्टला पाना लावत नाही.

त्याला कारण आहे. ट्रॅक्टरच्या बऱ्याच इंजिनांत वेट लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या सुट्या नळ्या, असतात. लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागतं आणि खालच्या टोकाला रबराच्या रिंगा ते पाणी अडवतात. त्या रिंगांच्या खाली थेट ऑइलचं चेंबर. म्हणजे पाणी तेलात यायला निदान तीन वाटा आहेत. खालची रिंग, लायनरला पडलेलं बारीक छिद्र, आणि वर गॅस्केट किंवा हेड. तिन्हींचं काम वेगळं, सुटे भाग वेगळे, खर्च वेगळा. चुकीची वाट धरली तर हंगाम हातचा जातो, हे फिटरला पक्कं ठाऊक असतं.

म्हणून तो इंजिन रात्रभर उभं ठेवतो. सकाळी सुरू न करता चेंबरचा नट सैल करतो. कूलंट तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि आधी बाहेर येतं. किती आलं, स्वच्छ आलं की फेसाळ, हे तो बघतो. मग ट्रॅक्टरला टेकू देऊन चेंबर उतरवतो, आतला भाग फडक्याने कोरडा करतो, रेडिएटर भरून त्याच्या तोंडाला पंप लावतो आणि झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढी हवा भरतो. खाली कागद अंथरतो, बॅटरी घेऊन आडवा होतो आणि वाट पाहतो. थेंब लायनरच्या बाहेरून, खालच्या कडेवरून सुटला तर रिंग. लायनरच्या आतल्या भिंतीवरून ओघळला तर छिद्र. वरून, पुशरॉडच्या वाटेने आला तर हेडकडे संशय. यात सकाळ जाते, पण त्यानंतर जे उघडलं जातं ते बरोबर तेच असतं.

आता शहरातल्या त्या गॅरेजकडे बघा. लिफ्ट आहे, स्कॅनर आहे, उजेड भरपूर. स्कॅनर लावला आणि ‘कोड नाही’ म्हणून सांगितलं. येणारच नाही. आपल्या रोजच्या गाड्यांत तेलात कूलंट मिसळलंय हे सांगणारा सेन्सर नसतो. ऊसपट्ट्यातल्या फिटरकडे पंप, फडकं आणि कागद आहे, शिवाय गळती डोळ्यांनी दिसेपर्यंत थांबायची तयारी आहे. शहरातल्या गॅरेजात पंपही मिळेल, थांबायची तयारी मात्र मिळत नाही. या दोघांतला फरक हत्यारांचा मुळीच नाही, आणि म्हणूनच तो माझ्या मनाला इतका लागतो.

लायनरचा विषय निघालाच आहे तर माझी जुनी तक्रार पुन्हा मांडतो. पिस्टन लायनरवर आपटत राहतो, लायनर थरथरतो, बाहेरच्या पाण्यात वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि लायनरचं लोखंड कुरतडत जातात. कूलंटमधली रसायनं त्या लोखंडावर संरक्षक थर धरतात, साध्या पाण्यात तो थर नसतो. तरी आपल्याकडे बोअरचं पाणी ओततात, गळायला लागलं की रेडिएटरमध्ये हळद टाकतात. मोटारींचे अॅल्युमिनियमचे कूलर सडतात त्यामागेही हे क्षारांचं पाणीच आहे, असं माझं ठाम मत आहे.  माझ्यावर रागवा, पण बोअरचं पाणी घालू नका.

तुमच्या गाडीवर ही वेळ आली तर क्रम असा ठेवा. दुधाळ थर फक्त ऑइलच्या झाकणाखाली असेल, डिपस्टिक स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी हलत नसेल, तर पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांमुळे जमलेला तो दमटपणा असण्याची शक्यता मोठी. गाडी पूर्ण तापेल इतकी लांब चालवा आणि पुन्हा बघा. पण डिपस्टिकही दुधाळ असेल किंवा कूलंट कमी होत असेल, तर इंजिन सुरूच करू नका. गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका, टोईंग करा. ग्लायकॉल मिसळलेलं तेल बेअरिंगवर टिकत नाही, आणि शंभर-दोनशे रुपयांच्या रिंगचं काम क्रँकपर्यंत जातं.

गॅरेजात आधी चेंबरचा नट, मग प्रेशर पंप, मग निळ्या द्रावणाची तपासणी. कूलंटच्या वाफेत जळलेला वायू असेल तर त्या द्रावणाचा निळा रंग बदलून हिरवट किंवा पिवळा होतो. त्यानंतर कूलर. स्विफ्टमधून २००७ साली आपल्याकडे आलेल्या १.३ लिटर मल्टिजेटसारख्या इंजिनांत कूलर ऑइल फिल्टरच्या घरालाच जोडलेला असतो. तो काढायला कटकट आहे, पण हेड उतरवण्याच्या मानाने काहीच नाही. एप्रिल २०२० मध्ये मारुतीने डिझेल बंद केलं, म्हणजे रस्त्यावरची ही सगळी इंजिनं आता जुनी झालीत. त्यांचा कूलर आधी तपासलाच पाहिजे. हे सगळं निर्दोष निघालं तर मगच हेड. ते उतरलं तर स्ट्रेट एज आणि फीलर गेजने वाक मोजलाच पाहिजे, दाब देऊन चीर तपासलीच पाहिजे आणि ताणून बसवायचे बोल्ट नवेच टाकले पाहिजेत.

दुरुस्तीनंतरची सफाईही पूर्ण करून घ्या. स्वस्त तेल आणि नवा फिल्टर टाकून इंजिन थोडा वेळ चालवायचं, दोन्ही काढून टाकायचे, मग खरं तेल. कूलंटच्या वाटेत तेल गेलं असेल तर ती धुवायला अनेक फेऱ्या लागतात. तेलाने फुगलेले रबरी होज बदलावेच लागतात, ते पुढच्या प्रवासात दगा देतात.

शेवटी वाचकांनाही एक सांगायचं आहे. आपण गॅस्केटचे पैसे देतो, फेसिंगचे देतो, तेलाचे देतो. ‘तीन तास शोधलं आणि गळती सापडली’ या कामाचे पैसे मागितले की घासाघीस करतो, ‘नुसतं बघितलं तर, त्याचे कसले पैसे’ म्हणतो. मग गॅरेजवाला ज्याचे पैसे मिळतात तेच विकतो. तेव्हा पुढच्या वेळी हेड उतरवायला होकार देण्याआधी दोन वाक्यं बोला. ‘पाणी कुठून येतंय ते मला दाखवा. आणि शोधायला लागेल त्या वेळाचे पैसे मी वेगळे देतो.’ जो मेकॅनिक या दुसऱ्या वाक्यानंतरही थेंब दाखवायला तयार नसेल, त्याच्याकडून गाडी उचलून आणा.