हृदयाचे चार मार्क, पोटरीला शून्य

नीटची तयारी करणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, हृदयाचा ठोका कुठून सुरू होतो? एसए नोड. एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडतं? सत्तर मिली. मिनिटाला? साधारण पाच लिटर. सगळं तोंडपाठ! बरोबर उत्तराचे चार मार्क खिशात. आता त्यालाच पुढचा प्रश्न टाका. तुझं स्वतःचं बीपी किती आहे रे? शेवटचं कधी मोजलंस? इथं मात्र एकदम शांतता.

लातूरचा ट्यूशन एरिया असो की नांदेडचं भाग्यनगर, राज्यभरातली पोरं इथं शरीरशास्त्र शिकायला येतात. नीटच्या ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीचे, म्हणजे निम्मा खेळ तिथंच. पण ज्या पद्धतीनं आपण हे शिकतो, ती पद्धतच शरीराच्या उलट चालते, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘लेकराची बैठक लई चांगली आहे’ हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं कौतुक. आणि नेमकी हीच बैठक रक्ताला सगळ्यात जास्त नडते.

थोडा हिशेब करू. मिनिटाला पाच लिटर, म्हणजे दिवसाला ७,२०० लिटर. आकडा मोठा वाटत नसेल तर एप्रिल २०१६ आठवा. लातूर तहानलं होतं आणि मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या खेपेला दहा वॅगन, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. तेवढी एक वॅगन तुमचं हृदय सातेक दिवसांत उपसतं. मुठीएवढा स्नायू, ना सुट्टी, ना लोडशेडिंग.

आता खरी गंमत. हृदय रक्त पायापर्यंत ढकलतं, पण तिथून ते वर परत यायचं कसं? केशवाहिन्यांच्या जाळ्यातून जाईपर्यंत हृदयानं दिलेला जोर जवळपास संपलेला असतो आणि पुढं सगळा चढ. नांदेडकरांना हे लगेच कळेल. विष्णुपुरीला गोदावरीचं पाणी आपोआप वर चढत नाही, त्यासाठी उपसा सिंचनाचे पंप लागतात. पायातल्या रक्तासाठी हा पंप म्हणजे आपली पोटरी. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. शिरांमध्ये झडपा असतात, त्या ते खाली येऊ देत नाहीत. म्हणून काही डॉक्टर पोटरीला ‘दुसरं हृदय’ म्हणतात.

पण हा पंप चालवायला तुम्ही उठलं पाहिजे ना! सलग तीन-चार तास खुर्चीत बसलं की पोटरी बंद. पायातला रक्तप्रवाह मंदावतो, घोट्याजवळ सूज येते, रात्री सँडलचा पट्टा रुततो. विशीत याचं काही मोठं होत नाही, हेही खरं. शिरेत रक्ताची गुठळी होणं या वयात विरळाच. पण बैठकीची सवय डॉक्टर झाल्यावर सुटत नाही, ती पुढं ऑफिसातही सोबत येते. भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. त्याची पेरणी कधी सुरू होते, याचा विचार आपणच करायचा.

बैठकीच्या जोडीला बाकीचा कारभार बघा. झोप पाच तास. जेवणाऐवजी वडापाव, वर खारे चिप्स. जागरणासाठी एनर्जी ड्रिंक. आणि टपरीवरची पुडी. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी कुठं मिळते हे कॉलेजच्या पोराला विचारावं लागत नाही. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं आणि ठोके वाढवतं. म्हणजे एकीकडे पाइप अरुंद करायचा आणि दुसरीकडे मोटार जोरात पळवायची.

मुलींचा प्रश्न आणखी वेगळा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. हिमोग्लोबिन कमी म्हणजे ऑक्सिजन नेणारे हमाल कमी. मग त्याच कामासाठी हृदयाला जास्त धावावं लागतं. जिना चढताना धाप लागते, वाचताना लक्ष लागत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘अभ्यासात मन नाही हिचं.’ मेसचं पातळ वरण आणि जेवणावर लगेच चहा, जो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. त्यात फिरावं म्हटलं तर हॉस्टेलचं गेट संध्याकाळीच बंद. मुलींना ‘व्यायाम करा’ सांगणं सोपं आहे हो, पण कुठं करायचा?

यावर ठरलेलं उत्तर येतं. ‘टॉपर चौदा-चौदा तास बसतात. उठलं की लिंक तुटते.’ हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेणार नाही. कुणाच्या बापानं सोयाबीन विकून फी भरलेली असते. तिथं पाच मिनिटं वाया घालवणंसुद्धा गुन्हा वाटतं. पण मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के असलं, तरी बसल्या जागी एकूण ऑक्सिजनचा पाचवा हिस्सा तोच खातो. तो ऑक्सिजन नेणारं रक्त याच पंपातून जातं. तासाभरानं दोन-चार मिनिटं चाललं की पायातला प्रवाह पुन्हा सुरळीत होतो. चौदा तासांत ही जेमतेम पाऊण तासाची गुंतवणूक झाली. तेवढा वेळ तर रील्समध्ये जातो की राव!

शिवाय हा भार एकट्या विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही. सरकारी आरोग्य केंद्रांतली बीपी-शुगरची नियमित तपासणी मुख्यतः तिशीच्या पुढच्यांसाठी असते. मग सतरा-अठराच्या पोरांकडे कोण बघणार? क्लासवाल्यांनी दोन तासिकांमध्ये खरीखुरी सुट्टी द्यावी, बॅच बदलण्यापुरती नव्हे. अभ्यासिकेत उभं राहून वाचायला एक उंच टेबल आणि एक बीपी मशीन ठेवावं, एसीपेक्षा ते स्वस्त पडेल. मुलींच्या हॉस्टेलला गच्ची तरी उघडी ठेवावी. फीच्या पावतीवर टॉपरचे फोटो छापता, तर वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासायला काय हरकत आहे?

आणि आपण काय करायचं? बीपी एकदा मोजून घ्या. १२०/८० च्या आसपास असेल तर उत्तम, सारखं १४०/९० च्या वर येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चाला, जागतिक आरोग्य संघटनाही तेवढंच मागते. पुडी सोडा. चहा जेवणानंतर तासाभरानं घ्या.

हे वाचून झालं असेल तर पेपर खाली ठेवा, उभे राहा आणि वीस वेळा टाचा वर-खाली करा. अभ्यासिकेत बाजूचा बघेल, बघू द्या. त्यालाही उठवा.