पोटातल्या जिवाणूंकडेही पाहा

कर्जत-खालापूरच्या एखाद्या घरात रक्ताच्या कर्करोगावर मूळपेशी प्रत्यारोपण करायचे ठरले, की धावपळ सुरू होते ती जुळणारा दाता आणि पैसा शोधण्याची. टाटा रुग्णालयाने १९८३ मध्ये मुंबईत अस्थिमज्जा प्रत्यारोपण सुरू केले. त्याच संस्थेचे खारघरचे ‘ॲक्ट्रेक’ आज रायगड जिल्ह्यातच आहे. या सगळ्यात रुग्णाच्या आतड्यातील जिवाणूंचा विचार कोणाच्या मनात येत नाही. तो यायला हवा.

प्रत्यारोपणापूर्वी जुनी मज्जा जबर केमोथेरपीने, कधी किरणोपचाराने संपवली जाते. त्यात आतड्याचे अस्तर सोलवटते आणि पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर येतात. अशा वेळी ताप आला तर प्रतिजैविके द्यावीच लागतात, तिथे तडजोड नाही. पण तंतुमय अन्न आंबवून अस्तराला पोसणारे जिवाणूही त्यांनी मरतात. मग मोकळ्या रानात एंटेरोकोकससारखा एखादाच जिवाणू माजतो. न्यूयॉर्क, डरहॅम, रेगेन्सबर्ग आणि साप्पोरो येथील १,३६२ रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता टिकली, त्यांच्यात मृत्यू कमी आढळले. अर्थात, जास्त आजारी माणसालाच जास्त औषधे मिळतात, त्यामुळे विविधतेनेच जीव वाचला असे यावरून म्हणता येत नाही.

शिवाय ही पोटे भात, वाल आणि नाचणीच्या भाकरीवर वाढलेली नव्हेत. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचा त्रासही आपल्याकडे मोठा. म्हणून प्रत्यारोपणाआधी आणि नंतर मलाचे नमुने तपासणे, जपून ठेवणे हे भारतीय केंद्रांत नित्याचे झाले पाहिजे. सरकारने त्यासाठी निधी द्यावा. रुग्णाचाच जपलेला मल परत देऊन विविधता सावरता येते, हे न्यूयॉर्कमध्ये २५ रुग्णांच्या चाचणीत २०१८ मध्ये दिसले. जीव वाचतात का, हे ठरवायला ही संख्या अपुरी आहे.

शेजारीपाजारी ‘दही द्या, पोट सुधारेल’ म्हणतील. मेडिकलवाला प्रोबायोटिकची कॅप्सूल पुढे करील. पांढऱ्या पेशी नसताना हेच जिवंत जिवाणू रक्तात उतरू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नये. आणि साध्या सर्दीतापाला चिठ्ठीविना प्रतिजैविके घेण्याची सवय गावोगाव आहे. गेल्या वर्षभरात रुग्णाने अशी कोणती औषधे घेतली, त्याची यादी पहिल्याच भेटीत डॉक्टरांच्या हाती द्यावी. रिकामी पाकिटे सापडली तर तीही.