फिराले जाऊ, पण कवा?



वाशिम तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीत मधुमेहाविषयी बोलणे चालले होते. ‘रोज अर्धा तास चाला’ असे आम्ही सांगितले, तेव्हा मागे बसलेली एक जण म्हणाली, “दिवसभर तं वावरातच रायतो बाई, आता आणखी फिराले कवा जाऊ?” सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो, पण उत्तर सुचले नाही.

तिचे म्हणणे खोटे नव्हते. निंदण, सोयाबीनची सोंगणी, कपाशी वेचणे ही शरीराची हालचालच आहे. स्नायू काम करतात तेव्हा ते रक्तातली साखर ओढून घेतात, मग ते बागेत चालताना असो की वावरात. दिवसभर राबणाऱ्या बाईला आणखी व्यायाम सांगण्याआधी तिला विश्रांती आणि ताटात पुरेशी डाळ मिळते का, हे विचारले पाहिजे.

पण आता वावरातले कामही बारमाही राहिलेले नाही. तणनाशक आले आणि निंदणाचे दिवस घटले. मळणी यंत्रावर गेली. यंत्र आले याचे दुःख नाही. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा पहाटे उठून पायलीभर ज्वारी दळून पाहावी! प्रश्न असा, की कष्ट कमी झाले तेव्हा मोकळा वेळ आणि मोकळी जागा बाईच्या वाट्याला आली का? वाशिम, कारंजा, रिसोडच्या वस्त्यांत राहणारी बाई दिवसभर ओट्यापाशी असते. पुरुष पहाटे मैदानावर जातात. ती निघाली तर ‘कुठं चालली?’ हा प्रश्न दारातच उभा असतो. २०२२ साली भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्या स्त्रिया ५७ टक्के आणि पुरुष ४२ टक्के होते, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. हा काय बायकांचा आळस? त्याच वर्षीच्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रीचा दिवसाला २८९ मिनिटे वेळ त्यात जातो असे दिसले. जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ८८ मिनिटे. आणि करतात तरी किती जण!

या बसून राहण्याची किंमत मोठी आहे. पोटाभोवती चरबी साठली की इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. शरीर अधिकाधिक इन्सुलिन तयार करते, आणि तेही पुरेनासे झाले की साखर वाढते. कॅन्सरशीही याचे नाते आहे. पाळी गेल्यावर बीजकोशांचे काम थांबते, पण चरबीत इस्ट्रोजेन तयार होतच राहते. ते आणि वाढलेले इन्सुलिन पेशींना वाढायला चिथावतात. म्हणून पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कॅन्सर आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर स्थूल स्त्रियांत जास्त आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ साली असे १३ कॅन्सर नोंदवले. मात्र सगळे खापर वजनावर फोडू नये. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर विषाणूमुळे होतो, आणि तोंडाच्या कॅन्सरमागे आपल्याकडे मुख्यतः तंबाखू आणि खर्रा आहे.

‘मी तर काडीसारखी, मला काय होते?’ असेही अनेक जणी म्हणतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त. गरोदरपणी आईला पुरेसे पोषण मिळाले नाही, तर पुढे लेकराच्या मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणजे सासरी शेवटी जेवणाऱ्या बाईचे ताट आणि तिच्या मुलीची साखर या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

तेव्हा ‘खाऊन खाऊन सुटली’ हा टोमणा आपल्या बैठकीतून तरी हद्दपार व्हावा. जाहिरातीतल्या कमरेशी आपल्याला काही कर्तव्य नाही. शिंप्याची टेप मात्र हवी. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर साखर तपासावी. गरोदरपणी साखर वाढली होती, त्यांनी बारीक असल्या तरी दरवर्षी तपासावी. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले तर लाजून घरी बसू नये. तिशीनंतर रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरची तपासणी सरकारी आरोग्य यंत्रणेने करायची आहे. गावात ती होते का, हे आशाताईला नव्हे, ग्रामसभेत विचारायचे. बिचारी आशाताई एकटी काय काय करणार?

आणि चालण्याचे म्हणाल, तर पाच दिवस अर्धा-अर्धा तास म्हणजे आठवड्याला दीडशे मिनिटे, तेवढे पुरते. पाच-सहा जणी मिळून निघाल्या तर ‘कुठं चालली?’ विचारणाऱ्याची जीभ जरा अडखळते. रस्त्यावर दिवा नसेल तर ग्रामपंचायतीकडे अर्ज द्यायचा. शाळेचे मैदान संध्याकाळी तासभर बायकांसाठी मागायचे. तेवढा वेळ चुलीपाशी कोण थांबेल, हे ज्या घरात ठरले असेल, तिथल्या मैत्रिणींनी कसे ठरले ते आम्हाला जरूर कळवावे.